पहिला शब्द कोणी काढायचा?

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात काही दिवसांपूर्वी मी शांतिसेनेतल्या अनुभवांवर बोललो. व्याख्यान संपताना राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारले : "ज्या आंतरराष्ट्रीय संघटनांना युक्रेनचे युद्ध टाळता आले नाही, गलवान टाळता आले नाही, त्यांचा परस्परविरोधी सत्तांच्या संवादात नेमका उपयोग काय? दोन देशांना बोलायचेच असेल तर ते थेट बोलतील, आणि बोलायचे नसेल तर तिसऱ्याने टेबल मांडून काय होणार?" वेळ संपत आल्याने मी दोन वाक्यांत उत्तर आटोपले, आणि तेव्हापासून ते मला डाचत आहे. प्रश्न रास्त आहे आणि तो मोघम उत्तराने मिटणारा नाही. लष्करी सेवेतला काही काळ मी संयुक्त राष्ट्रांचा निःशस्त्र लष्करी निरीक्षक म्हणून, एकमेकांशी नुकत्याच लढलेल्या दोन सैन्यांच्या मध्ये घालवला आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे सविस्तर लिहीत आहे.

प्रश्नातले गृहीतक असे आहे की, बोलायची इच्छा असली की बोलणे आपोआप होते. प्रत्यक्षात तसे होत नाही. दोन्ही बाजूंना बोलायचे आहे, दोन्ही बाजूंना तसे कळतेही आहे, आणि तरीही महिनोन्महिने कोणी बोलत नाही, ही स्थिती मी स्वतः पाहिली आहे. कारण जो आधी बोलतो तो गरजू ठरतो. त्याच्याच देशातले लोक त्याला विचारतात की, तू का वाकलास. समोरचा समजतो की, याचे काही तरी दुखते आहे, आणि तो आपली मागणी वाढवतो. पहिल्या शब्दाची ही किंमत इतकी मोठी असते की, ती चुकवण्यापेक्षा गप्प राहणे दोघांनाही स्वस्त वाटते.

आमच्या भागात शेताच्या बांधावरून अबोला धरलेली घरे प्रत्येक गावात सापडतील. माझ्या वडिलांचा आणि आमच्या शेजाऱ्यांचा असाच अबोला अनेक वर्षे चालला होता. दोघांनाही तो नकोसा झाला होता, पण दोघेही एकमेकांच्या दारात जायला तयार नव्हते. एके दिवशी मोजणीची नोटीस आली आणि दोघेही बांधावर हजर झाले, कारण नोटीस सरकारी होती. कोणी कोणाला बोलावलेले नव्हते, त्यामुळे कोणी कमीपणा घेतला असे होत नव्हते, आणि हजर न राहणाऱ्याचेच नुकसान होणार होते. मोजणीने वाद मिटला नाही. तो पुढे तीन वर्षे चालला. पण त्या दिवशी साखळी ओढताना दोघे एकमेकांशी बोलले. आंतरराष्ट्रीय सुरक्षा संघटनेचे पहिले काम हे त्या नोटिशीचे आहे.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला बर्लिनच्या नाकेबंदीत दिसते. जून 1948 मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे जमिनीवरचे सगळे मार्ग बंद केले आणि अमेरिका व ब्रिटन विमानांनी धान्य व कोळसा पोहोचवू लागले. प्रकरण सुरक्षा परिषदेत गेले आणि ऑक्टोबरमध्ये तिथला तडजोडीचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. वर्तमानपत्राच्या भाषेत सांगायचे तर संयुक्त राष्ट्रे अपयशी ठरली. त्यानंतर जानेवारी 1949 च्या अखेरीस स्टालिनने एका अमेरिकी पत्रकाराच्या लेखी प्रश्नांना उत्तरे दिली, आणि त्या उत्तरांत बर्लिनमधल्या चलनाच्या अटीचा उल्लेखच नव्हता. तोपर्यंत सगळा वाद त्या चलनावरच अडलेला होता. उल्लेख चुकून राहिला की मुद्दाम वगळला, हे वॉशिंग्टनला जाणून घ्यायचे होते, पण अधिकृत पत्र पाठवून विचारणे म्हणजे आपली उत्सुकता उघडी करणे होते.

तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे काम न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेस इथे, युद्धकाळात लष्करी उपकरणे बनवणाऱ्या कारखान्याच्या इमारतीत चालत असे. 15 फेब्रुवारीला तिथल्या प्रतिनिधींच्या विश्रामकक्षात अमेरिकेचे फिलिप जेसप सोव्हिएत प्रतिनिधी याकोव्ह मलिक यांच्याजवळ गेले आणि सहज विचारल्यासारखे त्यांनी विचारले की, तो उल्लेख नव्हता, हे मुद्दाम होते का. मलिक म्हणाले, मला माहीत नाही. बरोबर एक महिन्याने, 15 मार्चला, त्यांनी जेसप यांना सांगितले की, ते अपघाताने घडलेले नव्हते. तिथून बोलणी सुरू झाली आणि 12 मे 1949 रोजी नाकेबंदी उठली. सुरक्षा परिषदेच्या सभागृहात जे जमले नाही ते त्याच इमारतीतल्या खुर्च्यांवर जमले, आणि ते जमण्याचे कारण एवढेच की, दोघांनाही तिथे असण्यासाठी वेगळे निमित्त शोधावे लागत नव्हते. संघटनेचे मूल्यमापन केवळ तिच्या ठरावांवरून करणाऱ्यांना हा विश्रामकक्ष दिसत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता मी जे स्वतः पाहिले त्याकडे येतो. इथिओपिया आणि एरिट्रिया यांचे युद्ध 1998 ते 2000 चालले आणि त्यात हजारो सैनिक मेले. जून 2000 मध्ये युद्धबंदी झाली, डिसेंबरमध्ये अल्जिअर्समध्ये शांतता करार झाला, आणि एरिट्रियाच्या हद्दीत 25 किलोमीटर रुंदीचा तात्पुरता सुरक्षा पट्टा आखून संयुक्त राष्ट्रांची मोहीम तिथे उतरली. भारतीय पलटणीचे ठाणे मध्य विभागात अदिग्रात इथे होते. आम्ही निरीक्षक वेगवेगळ्या देशांच्या छोट्या गटांत पांढऱ्या गाड्यांतून फिरत असू. या मोहिमेत लष्करी समन्वय आयोग नावाची एक व्यवस्था होती. संयुक्त राष्ट्रांचा सेनापती अध्यक्ष, आणि समोरासमोर दोन्ही सैन्यांचे वरिष्ठ अधिकारी. त्याच धर्तीवर खाली, विभागांच्या पातळीवरही बैठका होत, आणि त्यांतल्या काहींना मी नोंदी घ्यायला बसलो आहे.

एका बैठकीचा विषय अकरा बैलांचा होता. पाणी आटल्यामुळे गुराख्यांनी जनावरे रेषेपलीकडे नेली होती आणि पलीकडच्या सैनिकांनी बैल आणि दोन पोरे अडकवून ठेवली होती. तंबूत लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीसारखा टांगलेला नकाशा. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपापल्या दुभाष्याकडून इंग्रजीत बोलत होते, समोरच्याचे इंग्रजी आपल्या दुभाष्याकडून ऐकत होते, आणि मगच उत्तर देत होते. आश्चर्य असे की, त्या दोघांचीही मातृभाषा तिग्रिन्या होती. अक्कलकोटच्या बाजारात जशी मराठी आणि कानडी एकाच तोंडात नांदते, तशी ती भाषा रेषेच्या दोन्ही बाजूंना नांदत होती, आणि प्रत्येकाला समोरच्याचे पहिले वाक्य कानावर पडताच कळत होते. तरीही ते दुभाष्यासाठी थांबत, कारण शत्रूशी थेट बोलल्याची नोंद कोणालाही नको होती.

अर्ध्या तासाने अध्यक्षांनी विचारले की, या बैलांची ओळख काय, कानावर खूण आहे की पाठीवर डाग. एका अधिकाऱ्याच्या दुभाष्याला इंग्रजी शब्द सापडेना, आणि तो अधिकारी समोरच्याशी थेट तिग्रिन्यात बोलून गेला. समोरच्याने त्याच भाषेत त्याला दुरुस्त केले. पुढची दहा मिनिटे शिंगांची वळणे, डाग आणि दोरखंड यांवर ते दोघे थेट बोलत राहिले, आणि मी नोंद घेणे थांबवले, कारण मला एक अक्षरही कळत नव्हते. तीन दिवसांनी बैल आणि पोरे परत आली. सीमेचा मोठा वाद तसूभरही हलला नव्हता, पण त्यानंतर त्या विभागात गोळीबाराची अफवा उठली की दोन्हीकडून आधी आमच्या ठाण्याला विचारणा होऊ लागली. माझ्या लेखी हे त्या बैठकीचे खरे फळ होते.

या कामासाठी मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे : पंचनामा. पंचांनी पाहिलेले, दोघांच्या समक्ष लिहिलेले, निवाडा न देणारे कागद. निरीक्षकाचा अहवाल चांगला की वाईट, हे मी याच कसोटीवर ठरवत असे. "अमुक वाजता, अमुक चौरसात, तीन खंदक नव्याने खणलेले आढळले, माती ओली होती" हे वाक्य दोन्ही सेनापती मान्य करू शकतात. "अमुक बाजूने कराराचा भंग केला" हे वाक्य लिहिले की, एक बाजू पुढच्या बैठकीला येत नाही. ओल्या मातीवर दोघांचे एकमत झाले की, भंगाची चर्चा ते स्वतःच करतात.

आपल्या लोकांनी हे काम आमच्या पिढीच्या फार आधी केले आहे, याचा मला अभिमान आहे. 1953 मध्ये कोरियातील युद्धविरामानंतर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न ज्या पाच देशांच्या तटस्थ आयोगाकडे आला, त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि त्या कैद्यांची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या भारतीय तुकडीचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात करत होते. युद्धातले दोन्ही पक्ष भारतावर रुष्ट होते. या कामात असे होतेच.

महासत्तांच्या बाबतीत पंचनाम्याचे हे तत्त्व सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवले गेले ते युरोपात. 1972 च्या नोव्हेंबरपासून फिनलंडमध्ये युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य परिषदेची प्राथमिक बोलणी सुरू झाली आणि 1 ऑगस्ट 1975 रोजी हेलसिंकीत 35 देशांनी अंतिम दस्तऐवजावर सह्या केल्या. बसण्याची व्यवस्था वर्णानुक्रमे असल्यामुळे पश्चिम जर्मनीचे श्मिट आणि पूर्व जर्मनीचे होनेकर शेजारी-शेजारी आले. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण दोन जर्मनींच्या प्रमुखांनी एकमेकांना भेटायचे कोणाच्या निमंत्रणावरून, हा प्रश्न तिथे एका फ्रेंच अक्षरमालेने सोडवला.

त्या दस्तऐवजातली मानवी हक्कांची कलमे गाजली, आणि ती गाजायलाच हवी होती. माझे लक्ष मात्र एका साध्या कलमावर आहे : 25,000 पेक्षा जास्त सैनिकांचा सराव असेल तर 21 दिवस आधी कळवायचे. त्यात तपासणी नव्हती आणि निरीक्षक बोलावणे ऐच्छिक होते. अकरा वर्षे या बारीक धाग्यावर काम चालले. मधल्या काळात अफगाणिस्तान झाले, पोलंडमधली लष्करी राजवट झाली, 1983 च्या शरद ऋतूत नाटोच्या सरावाला मॉस्को खरा हल्ला समजेल की काय, अशी अतिशय धोकादायक वेळ येऊन गेली. पण बैठका चालू राहिल्या. 1986 च्या सप्टेंबरमध्ये स्टॉकहोममध्ये सूचनेची मर्यादा 13,000 सैनिक किंवा 300 रणगाड्यांपर्यंत खाली आली, मुदत 42 दिवसांवर गेली, आणि नकार देण्याचा हक्क नसलेली प्रत्यक्ष तपासणी मान्य झाली. आपल्या भूमीवर परक्या तपासनिसाला पाऊल ठेवू द्यायला सोव्हिएत संघाने तोवर सातत्याने विरोध केला होता. ऑगस्ट 1987 मध्ये अमेरिकी तपासनीस मिन्स्कजवळचा सोव्हिएत सराव पाहायला गेले, आणि त्याच वर्षी 8 डिसेंबरला मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार झाला, ज्याचा कणाच प्रत्यक्ष तपासणी हा होता. एकाने दुसरे घडवले असे मी म्हणणार नाही, कारण गोर्बाचेव्ह यांच्याशिवाय दोन्ही घडले नसते. पण गोर्बाचेव्ह आले तेव्हा काय करायचे याचा तयार मसुदा टेबलावर होता, आणि तो लिहिणारे अधिकारी एकमेकांना दहा वर्षे ओळखत होते.

आपल्या आशिया खंडात अशी व्यवस्था विरळ आहे, आणि हे मी काळजीने लिहीत आहे. शांघाय सहकार्य संघटनेचे मूळ 1996 च्या पाच देशांच्या करारात आहे, जो सीमाभागातल्या लष्करी विश्वासाविषयी होता. चीनने रशिया आणि मध्य आशियाई शेजाऱ्यांबरोबर सीमेपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सैन्याबाबत पुढच्याच वर्षी करारही केला. भारत आणि पाकिस्तान या संघटनेत 2017 मध्ये आले, पण ती सीमाव्यवस्था आपल्याला लागू नाही. भारत-चीन यांच्यात 1993 आणि 1996 चे द्विपक्षीय करार आहेत. प्रत्यक्ष ताबारेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, हे 1996 च्या करारातले कलम. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये आपले 20 जवान शहीद झाले, ते गोळीविना झालेल्या झटापटीत. मोठ्या सरावांवरच्या मर्यादाही त्या करारात आहेत. नाही तो तिसरा साक्षीदार, आणि मुळात दोघांना मान्य असा रेषेचा नकाशा. हद्दीचे दगडच ठरले नसतील तर पंचनामा कशाचा करायचा, हा खरा पेच आहे.

तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काय झाले ते पाहा. दिल्लीत चिनी मंत्र्यांना बोलावणे किंवा आपल्या मंत्र्यांनी बीजिंगला जाणे त्या वातावरणात अशक्य होते. शांघाय संघटनेच्या बैठका मॉस्कोत ठरलेल्या होत्या. 4 सप्टेंबरला तिथे राजनाथ सिंह चीनच्या संरक्षणमंत्र्यांना भेटले आणि 10 सप्टेंबरला जयशंकर आणि वांग यी यांच्यात पाच मुद्द्यांवर सहमती झाली. पुढे 2022 च्या सप्टेंबरमध्ये गोग्रा-हॉटस्प्रिंग्ज भागातून माघारीची घोषणा याच संघटनेच्या समरकंदच्या शिखर परिषदेच्या आदल्या आठवड्यात झाली. तसेच ऑक्टोबर 2024 मध्ये गस्तीविषयीची सहमती कझान इथल्या मोदी-शी भेटीच्या दोन दिवस आधी जाहीर झाली. ती परिषद ब्रिक्सची होती, सुरक्षा संघटनेची नव्हे, पण कार्यपद्धती तीच. परिषदेची तारीख कोणा एकाच्या हाती नसते, ती सहसा पुढे ढकलता येत नाही, आणि म्हणून खालच्या अधिकाऱ्यांना तोपर्यंत काही तरी पूर्ण करावे लागते.

सार्कच्या सनदेत द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतून स्पष्टपणे वगळलेले आहेत. त्यावरून सार्कला नावे ठेवण्याची पद्धत आहे. परंतु वाजपेयी आणि मुशर्रफ यांचे 6 जानेवारी 2004 चे संयुक्त निवेदन इस्लामाबादच्या सार्क परिषदेच्या निमित्तानेच शक्य झाले. 2016 ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली, आणि त्यानंतर शिखर परिषद झालेलीच नाही. दहशतवादी हल्ल्यांनंतर भारताची ती भूमिका मला समजते, आणि सैनिक म्हणून ती मला पटतेही. पण एक निमित्त हातचे गेले, याची नोंद प्रामाणिकपणे करायला हवी. काश्मीरमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. तो 1949 पासून आहे, परंतु 1972 च्या सिमला करारानंतर भारताने त्याच्याकडे तक्रार नोंदवणे थांबवले, आणि एकाच बाजूने लिहून घेतलेला पंचनामा हा पंचनामा उरत नाही. त्यापेक्षा दोन देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधली थेट दूरध्वनी वाहिनी आणि दरवर्षी 1 जानेवारीला होणारी अणुकेंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण, जी 1992 पासून कारगिलच्या वर्षानंतरही खंडित झालेली नाही, अधिक उपयोगाची ठरली आहे. म्हणजे तिसरा प्रत्येक वेळी हवाच असतो, असे मी म्हणत नाही.

आता संघटनांच्या मर्यादेविषयी, कारण त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा रोख तिकडेच होता. हेलसिंकीच्या त्या परिषदेचीच 1995 मध्ये युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटना झाली. आज तिचे 57 सदस्य देश आहेत आणि व्हिएन्नात दर गुरुवारी तिची स्थायी परिषद भरते. मार्च 2014 मध्ये तिने युक्रेनमध्ये निरीक्षण मोहीम पाठवली. त्या मोहिमेने केलेले एक काम मला फार जवळचे वाटते. दोनेत्स्कजवळचे जलशुद्धीकरण केंद्र दोन्ही सैन्यांच्या मध्ये सापडले होते आणि त्याचे पाणी दोन्ही बाजूंच्या तीन लाखांहून अधिक माणसांना जात होते. निरीक्षक दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांशी बोलून काही तासांचा गोळीबारबंद ठरवत, तो पाळला जातो का ते पाहत उभे राहत, आणि तेवढ्यात कामगार नळ जोडत. ज्या शहरात आपण काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वेळ पाठ करून जगतो, त्या शहरातल्या वाचकाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

ती मोहीम 31 मार्च 2022 रोजी संपली, कारण तिथे प्रत्येक निर्णय एकमताने होतो आणि रशियाने मुदतवाढीला संमती दिली नाही. ज्याच्या वर्तनाची नोंद ठेवायची त्याच्याच सहीवर नोंदवही अवलंबून असणे, हा अशा संघटनांचा मूळ दोष आहे. पण याच दोषामुळे सगळे प्रतिस्पर्धी आत येतात, हेही तितकेच खरे. नकाराधिकार नसता तर 1945 मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका परिषदेत बसलेच नसते. तेव्हा संघटना महासत्तेला तिच्या निश्चयापासून रोखू शकत नाही, हे मी निःसंकोच मान्य करतो. निश्चय झालेला नसताना, दोघेही घाबरलेले असताना आणि चुकीच्या बातमीवरून हालचाल होण्याचा धोका असताना तिचा उपयोग होतो. ऑक्टोबर 1962 मध्ये, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून युद्ध पेटायच्या बेतात असताना, संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे कार्यवाहक सरचिटणीस ऊ थांट यांनी केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांना एकाच मजकुराची पत्रे पाठवून काही आठवडे हात आवरण्याची विनंती केली, तेव्हा त्यांच्याकडे एकही बोट नव्हती. होती ती एक पायरी, जिच्यावरून कोणालाही न वाकता खाली उतरता येत होते.

भैया चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकाजवळून जाताना मला अनेकदा वाटते की, चीनविषयी बोलताना सोलापूरकरांच्या आवाजात एक वेगळी आपुलकी असते. 1938 मध्ये चीनला गेलेला आणि 1942 मध्ये तिथेच वारलेला हा डॉक्टर दोन देशांच्या प्रत्येक सौजन्यभेटीत आठवला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपुलकीने सीमा सांभाळली जात नाही. त्यासाठी नकाशे, वेळापत्रके, ठरलेल्या बैठका आणि ओल्या मातीच्या नोंदी लागतात, आणि त्या संकट यायच्या आधी कराव्या लागतात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या कंटाळवाण्या कामाकडे वळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्या विभागातल्या प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत शेवटचा विषय ठरलेला असे : पुढच्या बैठकीची तारीख. वाद कितीही चिघळलेला असो, अध्यक्ष ती तारीख घेतल्याशिवाय कोणाला उठू देत नसत. माझी बदली झाल्यानंतर काही वर्षांनी, अल्जिअर्स करारानुसार नेमलेल्या सीमा आयोगाच्या निर्णयाची अंमलबजावणी अडल्यावर, एरिट्रियाने आधी संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरांना बंदी केली. वरच्या लष्करी समन्वय आयोगाची बैठक 31 जुलै 2006 रोजी नैरोबीत झाली. त्यानंतर तो आयोग पुन्हा भरला नाही, आणि बरोबर दोन वर्षांनी, 31 जुलै 2008 रोजी, मोहीमच गुंडाळली गेली. दोन्ही देशांचे नेते एकमेकांना भेटले ते त्यानंतर दहा वर्षांनी, 2018 च्या जुलैमध्ये.